रविवारचा ताप

"थांबा. कच्चा हाय अजून."

एवढं बोलून ते उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. आणि गंमत म्हणजे समोरचा थांबायचा. मग तो हातात कप घेतलेला चहावाला असो, पेटीवर हात ठेवून बसलेला पेटीवाला असो, नाहीतर कंपनीत नवा आलेला मॅनेजर असो. चहा कच्चा, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा कच्च्या, मॅनेजर कच्चा. त्यांच्या लेखी या जगात शिजून तयार झालेलं फार थोडं होतं. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांचा राग येतो आणि ती नसली की कामं अडतात.

ते धाटावच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्रेसरवर ऑपरेटर होते. मी रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. म्हणून ते मला 'ऑपरेटरबाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'ऑपरेटरसाहेब'. "आपण दोघं एका जातीचे," असं ते हसत म्हणायचे. खरं तर ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. रोह्यात त्यांच्या लोकांची घरं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेलेली, बायको वारलेली. घरात ते आणि एक तंबोरा.

आमचं चौघांचं टोळकं होतं. मी, माझी शेजारीण शालन, ऑपरेटरसाहेब, आणि पेणचा बापू. शालन शाळेत शिक्षिका, आणि तिला गाण्यातलं काही कळत नाही हे तीच सगळ्यांना सांगायची. बापूचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. थंडी पडली की मार्गशीर्षापासून माघापर्यंत दोनेक आठवड्यांनी एका रविवारी बापूच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये सकाळची बैठक व्हायची. मुंबई-पुण्याकडचे शिकाऊ गायक-गायिका यायचे. मोठ्या नावांना बोलवायची आमची ऐपत नव्हती आणि नावांची हौसही नव्हती. तिन्ही भिंतींना फळ्यांवर न रंगवलेले पांढरे गणपती, मध्ये सतरंजी, दाराशी चहाची किटली. सकाळी साडेसातला भैरव सुरू झाला की तोंडातून वाफ निघायची आणि गाणाऱ्याच्या तानेबरोबर तीही वरखाली व्हायची. मी तिकडेच बघत बसायची. तेव्हा मला वाटायचं, आपल्याला या पलीकडे काही नको. आता तसं काही वाटत नाही, पण वाटायचं हे आठवतं.

पहाटेच्या एस.टी.ने आम्ही तिघं रोह्याहून निघायचो. तंबोरा त्यांच्या बायकोच्या गोधडीत गुंडाळलेला असायचा, आणि ते त्याला खिडकीशी बसवून स्वतः शेजारी अवघडून बसायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, "काका, पेशंट हाय काय? पेणच्या दवाखान्यात नेताव?" ते गंभीरपणे म्हणाले, "व्हय. घसा धरलाय." कंडक्टरने बिचाऱ्याने खिडकी लावून घेतली.

त्यांच्या हातचा तंबोरा लागला की काय व्हायचं, हे मला नीट सांगता येणार नाही. गाल तंबोऱ्याच्या दांडीला टेकवून, डोळे मिटून ते खुंटी पिळायचे. मग मणी केसभर सरकवायचे, मग तारेखालचा सुताचा दोरा. हा दोरा ते स्वतःच्या सदऱ्याच्या शिवणीतून उसवून घ्यायचे, त्यामुळे त्यांचे सगळे सदरे बगलेत उसवलेले. "विकतचा दोरा चालत नाय ऑपरेटरबाई, अंगावरचा लागतो." गाणारी पोरं आधी संशयाने बघायची, स्वतः लावून बघू का विचारायची. ते बोट वर करायचे. पाच मिनिटांनी शेड भरून जायची, आणि पोरं पुन्हा तंबोऱ्याला हात लावायची नाहीत.

बैठक संपली की बापू सगळ्यांना मूर्ती नेण्याच्या टेंपोत घालायचा. खाली पेंढा, वर आम्ही आणि गाणारी मंडळी. खांब गावी बापूच्या बहिणीचं शेत होतं, तिथे पोपटी. आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर सांगते. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या ओल्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, वरून पुन्हा पाला कोंबायचा, आणि मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती जाळ करायचा. झाली की नाही ते उघडून बघता येत नाही. लोक वासावर ओळखतात. ऑपरेटरसाहेब ओळखायचे कानावर.

कारण नाक कंपनीने खाल्लं होतं. वीस वर्षं तिथल्या हवेत काढून त्यांना अत्तर आणि रॉकेल यातला फरक कळेनासा झाला होता. "नाक कंपनीला दिलं," म्हणायचे, "कान नाय द्यायचा." पोपटीच्या जाळापाशी ते उकिडवे बसायचे, मान तिरकी करून मडक्याचं ऐकायचे. आत पाणी सुटतं तेव्हाचा आवाज वेगळा, शेंगा फुटतात तेव्हाचा वेगळा, आणि सगळं गप्प झालं की झाली. बापू नाक फुलवून म्हणायचा, "काका, वास सुटला, उतरवू?" ते बोट वर करायचे. "वास लबाड असतो. कच्ची हाय." आणि त्यांनी 'घे' म्हटल्यावर मडकं उघडलं की शेंग अशी शिजलेली असायची की दाणा बोटात धरताच सालीतून सुटायचा. दर वेळी.

कंपनीत शनिवार-रविवार मिळावेत म्हणून त्यांनी एक सोय केली होती. शनिवार त्यांच्या धर्माचा, त्या दिवशी काम नाही. रविवार तंबोऱ्याचा. त्याच्या बदल्यात ते इतरांच्या तिसऱ्या पाळ्या अंगावर घ्यायचे. आठवड्यातल्या बाकीच्या साऱ्या रात्री कॉम्प्रेसरच्या खोलीत. कानात कापूस घालत नव्हते, कारण मशीन बिघडायला लागलं की आधी आवाजात कळतं म्हणे. कान नाय द्यायचा म्हणत म्हणत ते कानच देत होते, आणि आम्हा चौघांतल्या एकालाही ते कळलं नाही. मी तर दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणारी बाई!

पहिल्यांदा कळलं ते पोपटीवरून. तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात त्यांनी 'घे' म्हटलं आणि आतल्या शेंगा करकरीत कच्च्या निघाल्या. शालन हसून लोटपोट झाली. "साहेब, आज तुम्हीच कच्चे!" तेही हसले. मडकं पुन्हा जाळावर गेलं.

पंधरा दिवसांनी ते एक्स्चेंजमध्ये मुलीला फोन लावायला आले. परदेशचा कॉल तेव्हा आमच्याकडे नोंदवून मुंबईहून लाईन मिळवावी लागे. मुलगी ओरडून सांगत होती, "बाबा, कागद झालेत, तुम्ही फक्त या!" आणि हे म्हणत होते, "पाऊस? नाय गो, आता कसला पाऊस?" आम्ही ऐकायचं नसतं. पण ऐकू येतं. त्यांनी रिसीव्हर उजव्या कानाचा डाव्याला लावला, डाव्याचा उजव्याला, आणि शेवटी नुसतं "बरं, बरं" म्हणून ठेवून दिला.

मी बाहेर आले. काचेपलीकडे ते पायातल्या चपलेकडे बघत उभे होते.

"केव्हापासून?" मी विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"झालं वरीस," ते म्हणाले. "तार वाजते ते कळतं. कुठं वाजते ते कळत नाय."

"डॉक्टर?"

"अलिबागला दाखवला. तो म्हणाला मशीनपासून लांब रहा." मग आजूबाजूला बघून म्हणाले, "ऑपरेटरबाई, कोणाला बोलू नका. तंबोरा गेला तर मी हितं ऱ्हाऊन करू काय? पोरीकडं जाऊन खुर्चीत बसायचं, तेच उरलं."

एवढीच गोष्ट होती. तंबोरा लावता येतोय तोवर रोहा. नाही आला की परदेश, आणि ते घर, आणि खुर्ची. हे मला तेव्हाच स्वच्छ कळलं होतं. नव्हतं कळलं असं मी म्हणू शकत नाही.

युक्ती माझीच. माझा कान शिकलेला नाही, पण हजार लाईनींच्या गुणगुणीतून एक खरखर वेगळी काढायची सवय होती. पुढच्या बैठकीपासून मी त्यांच्या बरोबर समोर बसायला लागले, मांडीवर शाल पसरून. शालीखालून एक बोट वर काढलं की तार चढवा. बोट आडवं केलं की उतरवा. मूठ मिटली की लागली. सुरुवातीला माझ्या हातून घोटाळे झाले. मग त्यांच्या घरी चार संध्याकाळी बसून त्यांनी मला शिकवलं. दांडीला गाल लावून आवाज हाडात कसा उतरतो, दोन तारा एकमेकींत मिसळल्या की मधली लाट कशी विरते. "डोळे मिटा," म्हणायचे. "तुम्ही बघताव लई." स्वतः मात्र बैठकीत पापण्या किंचित उघड्या ठेवून माझ्या बोटाकडे बघायचे. लोकांना वाटायचं काका समाधीत गेले.

दोन हिवाळे हे चाललं. शालनला कळलं नाही, बापूला कळलं नाही. गाणाऱ्यांनी पाया पडून त्यांच्या तंबोऱ्याचं कौतुक केलं. ते माझ्याकडे बघायचेही नाहीत. फक्त परतीच्या एस.टी.त खिशातून मिठात भिजवलेला आवळा काढून माझ्या हातावर ठेवायचे. पोपटीतही मीच, शेंगा झाल्याचा वास आला की खोकायची.

आता पुढचं सांगते. ते सांगायला मला आवडत नाही, पण त्यासाठीच लिहायला बसले आहे.

मला कंटाळा आला. बाकी काही नाही. भांडण नाही, आजार नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन यंत्रं आली होती, आम्हा ऑपरेटर बायकांना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं होतं, दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या. रविवारी बैठकीत जाऊन पुन्हा कानाची ड्यूटी. गाणं सुरू झालं तरी माझं लक्ष तारेकडे, उतरली तर बोट दाखवायला. दोन वर्षांत मी एक राग नीट ऐकला नव्हता. पौषातल्या एका रविवारी पहाटे गजर झाला. पाय बाहेर काढला, फरशी बर्फासारखी लागली, पाय आत घेतला. शालनने दार वाजवलं तेव्हा आतूनच म्हटलं, "अगो, ताप आहे मला. तू जा."

"बघू कपाळ?"

"नको. जा तू, एस.टी. चुकेल."

ती गेली. मी झोपले. छान झोप लागली.

त्या दिवशी काय झालं ते शालनने सांगितलं. स्टँडवर त्यांनी विचारलं, "ऑपरेटरबाई?" शालन म्हणाली, ताप आहे. ते म्हणाले, "मग मी पण नाय येत." तंबोरा घेऊन वळलेसुद्धा. शालनला वाटलं हा नेहमीचा भिडस्तपणा. तिने दंडाला धरून एस.टी.त चढवलं. "अहो साहेब, तुम्ही नाही आलात तर तंबोरा कोण लावणार?"

गाणारी एक तरुण मुलगी होती, फार गुणी. तिने ऐकलं आणि अदबीने म्हणाली, "काका, जोड जरा बघता?" त्यांनी खुंटी पिळली. ती म्हणाली, "अजून थोडं." पुन्हा पिळली. तिसऱ्यांदा तिने पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढा एक डबा काढला, बटण दाबलं, आणि डबा तंबोऱ्यासारखा वाजायला लागला. तो इलेक्ट्रॉनिक तंबोरा आमच्यात कोणी पाहिलेला नव्हता. बापूला त्याचं भारी कौतुक वाटलं.

ते उठले नाहीत. उठलं असतं तर मुलीला वाईट वाटलं असतं. तिच्या मागे तंबोरा घेऊन सबंध दीड तास बसले. उजव्या हाताची बोटं तारांवरून फिरवत होते, आणि डावा तळवा तारांवर दाबून धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. शालन म्हणाली, "मला वाटलं काहीतरी नवीन पद्धत असेल."

मग खांबला पोपटी. ते जाळापासून लांब, बांधावर बसले. बापूने हाक मारली, "काका, उतरवू?"

ते म्हणाले, "वास बघा."

मंगळवारी ते तक्रारींच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर कागदात गुंडाळलेली गवती चहाची जुडी आत सरकवली. "आल्याबरोबर उकळा. ताप उतरला का?"

"उतरला," मी म्हणाले. रविवारबद्दल ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. रांगेतला मागचा माणूस खेकसला तसे ते बाजूला झाले. मी बोलायला हवं होतं हे मला त्या क्षणी माहीत होतं. मी पुढच्या माणसाची तक्रार लिहून घेतली.

त्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आत ते मुलीकडे गेले. निघायच्या दिवशी सकाळी घरी मलिदा केला. प्रवासाला निघताना, नवस फेडताना त्यांच्यात तो करतात. पेणचे पोहे भिजवून त्यात नारळ, साखर, वेलची, भोवती फळं. पेणहून त्यांचे एक नातेवाईक आले होते, त्यांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. आम्ही तिघं हात जोडून बसलो. बापू लहान पोरासारखा रडला, शालन रडली. मी प्रसादाची ताटली धरून बसले होते. पोहे मऊ झाले होते एवढं आठवतं.

गोधडीत गुंडाळलेला तंबोरा त्यांनी माझ्या हातात दिला. बापू म्हणाला, "काका, ह्या काय करतील त्याचं?" ते म्हणाले, "त्यांना लावता येतो." सगळे हसले. ते हसले नाहीत, मी हसले नाही. दारात त्यांनी माझ्याकडे बघून बोट वर केलं, तेच, 'थांबा'वालं. नाहीतर 'तार चढवा'वालं असेल. मला कळलं नाही. गाडी गेली.

पत्रं यायची, चार-पाच महिन्यांनी एखादं. तिथल्या उन्हाबद्दल, नातवंडांबद्दल. मराठी बोलायला शेजारी एक म्हातारी आहे, पण तिलाही ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांचं उत्तम जमतं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, सहीच्या वर: 'ताप उतरला का?' मी दर वेळी लिहायची, हो, बरी आहे. मला वाटायचं म्हातारपणी एक गोष्ट डोक्यात बसते, तसंच हे. शेवटचं पत्र मुलीचं आलं. बाबा झोपेतच गेले. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की रोह्याला पत्र लिहिशील तेव्हा ऑपरेटरबाईंना विचार, ताप उतरला का.

पत्र घेऊन शालनकडे गेले. ती डोळे पुसत म्हणाली, "किती जीव होता गो त्यांचा तुझ्यावर. त्या रविवारीसुद्धा बघ, एस.टी.तून तू दिसलीस तर कोण आनंद झाला त्यांना."

"कुठे दिसले मी?"

"अगो, परत येताना! धाटावचा फाटा सोडला आणि तुझं घर आलं. तू ओट्यावर उन्हात केस वाळवत बसली होतीस, न्हायली होतीस ना? मी म्हटलं, बघा, तापात न्हायली ही बाई. तर ते म्हणाले, असू दे, बरं वाटत असेल तिला. आणि मान वळवून वळवून बघत होते, वळण येईपर्यंत."

मी "हो का" म्हणाले. शालनने चहा ठेवला, मी प्यायले. घरी येऊन भाजी निवडली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, ते आलं नाही. अजूनही आलेलं नाही. तंबोरा कोपऱ्यात गोधडीत आहे. त्यांच्या सदऱ्याचा निळा दोरा अजून तारेखाली तसाच आहे, मी हात लावलेला नाही. ताप नव्हता, असं लिहायला एक ओळ लागली असती. आठ पत्रांची आठ उत्तरं मी लिहिली, त्यात ती ओळ नाही.

बैठका पुढे होत राहिल्या. बापूने तो डबा विकत घेतला. मी जात नाही. आणखी एक फरक पडला आहे. रविवारी न्हाणं मी सोडलं आहे, बुधवारी न्हाते. शालन परवा विचारत होती, "काय गो, हे नवीन कसलं व्रत?"

मी म्हटलं, "काही नाही. रविवारी मला ताप असतो."